आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

मुंबईच्या उपनगरांतला पाऊस गाडीच्या टपावर पडतो, पण तिला छळतो तो खालून. अंधेरीचा सबवे तुंबतो, घाटकोपर-मुलुंडकडे लालबहादूर शास्त्री मार्गावर खड्डे पाण्याखाली दिसेनासे होतात, आणि चाकांजवळच्या बारीक वायरींना रोजची आंघोळ घडते. २६ जुलै २००५ च्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. दिवा लागायला तेवढा पाऊस लागत नाही. चार जोरदार सरी झाल्या की एखाद्या सकाळी डॅशबोर्डवर, घसरत्या गाडीचे चित्र असलेला पिवळा दिवा लागतो तो विझतच नाही. गाडी नेहमीसारखीच चालत असते. मग घरोघरी एकच प्रश्न, "चालतेय ना? मग राहू दे!"

राहू देण्याआधी हा दिवा काय म्हणतो ते ऐकायला हवे. ओल्या रस्त्यावर इंजिनाचा जोर जास्त झाला की एखादे चाक जागच्या जागी गरगरते. ट्रॅक्शन कंट्रोल ते हेरतो, त्या चाकाला हलकेच ब्रेक लावतो किंवा इंजिनाचा जोर कमी करतो. हे करताना दिवा क्षणभर लुकलुकला, तर यंत्रणा आपले काम करते आहे एवढेच समजावे. तो कायम पेटून राहिला आणि बंद करण्याचे बटण कोणी चुकून दाबलेले नसेल, तर मात्र यंत्रणेने अंग काढून घेतले आहे. तिचे डोळे म्हणजे प्रत्येक चाकाजवळचा वेग मोजणारा सेन्सर. हेच डोळे एबीएसही वापरते. म्हणून पुष्कळदा दोन्ही दिवे एकदम लागतात. ब्रेक तेव्हाही लागतो, पण जोरात दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारा पहारेकरी रजेवर असतो. पावसात, द्रुतगती महामार्गावर, मागच्या सीटवर मुले असताना ही रजा परवडत नाही. ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी पुढे नेऊच नये.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीला असले काही नव्हते. तिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. तिचे दुखणे कान, नाक आणि बारा व्होल्टचा एक टेस्ट लॅम्प यांवर कळत असे. दरम्यान १९७८ मध्ये बॉश आणि मर्सिडीज यांनी आणलेले इलेक्ट्रॉनिक एबीएस हळूहळू साध्या गाड्यांपर्यंत उतरले, आणि एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना ते सक्तीचे झाले. आता सोसायटीच्या आवारातल्या लहानशा गाडीतही चार सेन्सर असतात.

बिघाड शोधायला स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडतात. पडद्यावर येते, 'पुढचे डावे चाक, सेन्सरचा सिग्नल नाही.' इथेच घोटाळा होतो. हे वाक्य सेन्सर बिघडला असे म्हणत नाही. निरोप पोचला नाही, एवढेच म्हणते. निरोप्या आजारी असेल, वाट तुटली असेल किंवा ऐकणाऱ्याचे कान गेले असतील. मी नोकरीची वर्षे बँकेत काढली. लेजरचा ताळा लागला नाही की फरक दिसे बेरजेच्या खाली, चूक मात्र कुठल्यातरी मधल्याच पानावर बसलेली असे. बेरजेचा आकडा खोडून कोणी ताळा लावत नसे. गाडीत मात्र ते सर्रास होते. सेन्सर बदलतात, दिवा परत लागतो, मग महागडे कंट्रोल युनिट बदलायचे ठरते. चोर सोडून संन्याशाला सुळी!

जाणता कारागीर खालून सुरुवात करतो. आधी बॅटरी. इंजिन बंद असताना सुमारे साडेबारा व्होल्ट आहेत का? दाब कमी असला की शहाणी यंत्रेही भलतेसलते बोलतात. मग चारही टायर एकाच मापाचे आहेत का? वेगळ्या मापाचे चाक वेगळ्या गतीने फिरते आणि यंत्रणेला ते घसरल्यासारखे वाटते. मग कोड लिहून घ्यायचा, पुसायचा आणि गाडी हळू चालवत चारही चाकांचे वेग पडद्यावर पाहायचे. तीन चाके वीस म्हणताहेत आणि एक मध्येच शून्य, म्हणजे माग लागला. मग वायर हलवून, स्टिअरिंग पूर्ण फिरवून पाहायचे. वळणावरच वेग गेला तर वायर आतून तुटते आहे. प्लग उघडला की तांब्याच्या भांड्यावर येतो तसा हिरवा थर दिसतो, नाहीतर उंदराने कुरतडलेली वायर.

एक गंमत इथे आहे. वायरीच्या तारांपैकी एकच शाबूत असली तरी मीटर वायर ठीक असल्याचे सांगतो, कारण त्याचा स्वतःचा प्रवाह अगदी क्षीण असतो. बॅटरीची जाड वायर किंवा बॉडीचा अर्थ तपासताना ही फसगत मोठी होते. म्हणून जाणकार प्रवाह चालू ठेवून वाटेत किती व्होल्ट गळाले ते मोजतो. माणसाची पारखही ओझे दिल्यावरच होते.

शोधायची हत्यारे कोणाच्या हातात असावीत, हाही प्रश्न आहेच. कंपन्या सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, या कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडाचा वाद पुढे वरच्या दरबारी गेला. पण कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याचे दुखणे त्या निकालाने कागदावर आणले.

दुसरी बाजू आपली, गिऱ्हाइकांची. नव्या सेन्सरचे पैसे आपण निमूटपणे देतो, कारण तो खोक्यातून निघतो, हातात धरता येतो. दोन तास गाडीखाली पडून एक सडलेला प्लग शोधणाऱ्याला मात्र म्हणतो, "एवढ्याशा वायरीचे एवढे पैसे?" शोधण्याला मोल नसेल, तर कारागीर शोधणार नाही, भागच विकेल. तेव्हा पुढच्या पावसाळ्यात दिवा लागला, तर 'काय बदललेत?' याआधी 'कसे शोधलेत?' असे विचारावे. उत्तर नीट आले, तर बिलातल्या तपासणीच्या मजुरीवर घासाघीस करू नये.