शेतजमिनीवर सोलर : सही करण्यापूर्वी

मंडळी, जमिनीत पैसे घालण्याचा आपला सोस सातासमुद्रापार आला तरी सुटत नाही. आपल्या मंडळातल्या आम्ही चार कुटुंबांनीही काही वर्षांपूर्वी शिकागोच्या पश्चिमेला, गाडीने दीड-दोन तासांवर, ४० एकर शेतजमीन घेतली. शेती अर्थातच आम्ही करत नाही. लगतचेच एक शेतकरी ती भाड्याने घेतात, एका वर्षी मका आणि पुढच्या वर्षी सोयाबीन लावतात आणि ठरल्या वेळी चेक पाठवतात. निवृत्तीच्या वेळी उपयोगी पडेल, एवढाच आमचा हिशोब होता.

गेल्या वर्षी एका सोलर कंपनीचे पत्र आले. वर्षाला एकरी १,००० डॉलर भाडे आणि करार २५ वर्षांचा. मक्याचे भाडे याच्या एक तृतीयांशही नाही. आमच्यातले ज्येष्ठ भागीदार, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांनी चहा संपायच्या आत ४० ने गुणाकार केला आणि "सही करून टाकू या" असे जाहीर केले. पत्रासोबत ३८ पानांचा मसुदा होता. तो वाचायचे काम माझ्याकडे आले, कारण "तू इंजिनिअर आहेस ना!" मी पडलो सॉफ्टवेअरवाला, पण बारीक अक्षरातली मॅन्युअले वाचायची सवय आहे, म्हणून बसलो. मसुदा वाचता वाचता मला काउंटीच्या झोनिंग ऑफिसपर्यंत जावे लागले. तिथे जे कळले ते आपल्यापैकी ज्यांच्याकडे अशी पत्रे येतात त्यांच्यासाठी लिहीत आहे.

आधी झोनिंग म्हणजे काय ते. गावाकडे शेतजमिनीवर दुसरे काही करायचे तर जमीन एन.ए. करून घ्यावी लागत असे, हे आपल्या रक्तातच आहे. मीही तसेच धरून चाललो होतो. पण इलिनॉयच्या ग्रामीण भागात साधारणपणे जमीन शेतीच्याच झोनमध्ये राहते आणि तेवढ्या कामापुरते 'स्पेशल यूज परमिट' काउंटी बोर्डाकडून घ्यावे लागते. हे परमिट मिळवणे कंपनीचे काम. आपण केलेला करार आणि काउंटीचे परमिट या दोन अगदी स्वतंत्र गोष्टी आहेत. आपली सही झाली म्हणजे पॅनेल उभी राहणार, असे मुळीच नाही. शिवाय जमीन एखाद्या गावाच्या हद्दीपासून दीड मैलाच्या आत असेल, तर काउंटीऐवजी त्या गावाचे झोनिंग लागू होऊ शकते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा की आपल्या जमिनीवर अधिकार कोणाचा.

पूर्वी इलिनॉयमध्ये प्रत्येक काउंटीचे नियम वेगळे होते. कुठे अंतर जास्त, कुठे सरळ बंदी. जानेवारी २०२३ मध्ये राज्याने कायदा करून काउंटीचे हात बरेच बांधले. काउंटीला सोलरवर बंदी घालता येत नाही आणि राज्याने ठरवलेल्या मर्यादांहून कडक नियमही करता येत नाहीत. अर्ज नियमांत बसत असेल, तर तो मंजूर करावाच लागतो. अंतरांचे आकडे कायद्यातच दिले आहेत. योजनेत सामील नसलेल्या शेजाऱ्याच्या हद्दीपासून ५० फूट, सार्वजनिक रस्त्याच्या हद्दीपासून ५० फूट आणि शेजाऱ्याच्या राहत्या घराच्या भिंतीपासून १५० फूट. पॅनेल पूर्ण तिरपे असताना त्याचे टोक जमिनीपासून २० फुटांच्या वर जाता कामा नये. कुंपण ६ ते २५ फूट उंच. शेजाऱ्याने लेखी संमती दिली तर अंतर कमी होऊ शकते, आणि शेजारीही त्याच योजनेत असेल तर मधल्या हद्दीवर अंतर सोडावेच लागत नाही.

आता काकांच्या गुणाकाराकडे वळू. आमचे ४० एकर म्हणजे चौरस तुकडा, प्रत्येक बाजू १,३२० फूट. चारही बाजूंनी ५० फूट सोडले की आत उरतो १,२२० फुटांचा चौरस, म्हणजे ३४ एकरांहून किंचित जास्त. पूर्वेला शेजाऱ्याचे घर हद्दीपासून ६० फुटांवर आहे, म्हणजे तिथे १५० फूट भरायला आमच्या बाजूने ९० फूट आत यावे लागते. मसुद्याच्या अकराव्या पानावर लिहिले होते की भाडे 'अंतिम सर्वेक्षणानुसार प्रत्यक्ष वापरातल्या' एकरांवर मिळेल. म्हणजे ४०,००० नव्हे, फार तर ३४,०००. बरे, उरलेल्या सहा एकरांची पट्टी चारही बाजूंनी ५० फूट रुंद! तिच्यात मोठे कम्बाइन यंत्र फिरवायला कोण शेतकरी तयार होईल? भाडे पूर्ण ४० एकरांवर मागणे यात काहीही गैर नाही. पण ते सहीच्या आधी मागावे लागते.

यानंतरची गोष्ट मला मसुद्यातून कळली नाही, ती जाहीर सुनावणीत कळली. आमच्याच रस्त्यावर थोडे पुढे दुसऱ्या एका सोलर योजनेची सुनावणी होती, म्हणून मी मुद्दाम गेलो. शाळेच्या जिममध्ये घड्या घालायच्या खुर्च्या मांडलेल्या. आमची जमीन कसणारे शेतकरीही आले होते. एरवी दोन वाक्यांपलीकडे न बोलणारे हे गृहस्थ उठले आणि म्हणाले, "माझ्या ८० एकरांचे पाणी त्या शेताखालून जाते. तुमचा खांब माझ्या टाइलमधून गेला, तर माझा मका बुडेल. त्या वेळी मी फोन कोणाला करायचा?"

टाइल म्हणजे फरशी नव्हे. इलिनॉयची ही काळी सपाट जमीन मुळात पाणथळ. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपासून शेतकऱ्यांनी तीन-चार फूट खोलीवर भाजलेल्या मातीचे नळ पुरून ती कोरडी केली. अलीकडे प्लॅस्टिकचे भोकांचे पाइप घालतात. हे नळ हद्द ओळखत नाहीत. वरच्या शेताचे पाणी खालच्या शेतातून ओढ्याला जाते. जुन्या नळांचे नकाशे बहुधा नसतातच. पॅनेलचे पोलादी खांब याच्याहून खोल ठोकले जातात. एखादा नळ फुटला तर ते त्या दिवशी कळत नाही. पुढच्या वसंतातल्या पावसात कोणाच्या तरी शेतात तळे साचते, तेव्हा कळते.

यावर राज्याने उपाय ठेवला आहे. कंपनीला राज्याच्या कृषी खात्याशी शेतीचे नुकसान टाळण्याचा करार करावा लागतो, आणि तोही सुनावणीच्या तारखेच्या आधी. त्यात टाइल शोधणे, फुटलेली दुरुस्त करणे, पिकाऊ जमिनीत केबल पाच फूट खोल पुरणे, वरची माती वेगळी ठेवणे अशा अटी असतात. हा कागद मागून घेऊन वाचावा. बोर्डाच्या अध्यक्षांनी त्यांना शांतपणे सांगितले की नियमांत बसणारा अर्ज आम्ही नाकारू शकत नाही, दुरुस्तीची जबाबदारी त्या कराराने कंपनीवर आहे. ते खाली बसले. परत जाताना पार्किंगमध्ये मला इतकेच म्हणाले, "तुमच्या शेताखालूनही माझी एक लाइन जाते बरं का." इतकी वर्षे जमिनीचे मालक आम्ही, आणि हे आम्हांला माहीत नव्हते!

त्याच करारात शेवटची काळजीही आहे. योजना बंद पडली तर सगळे सामान काढून जमीन पूर्ववत करण्यासाठी कंपनीने काउंटीकडे आर्थिक हमी ठेवायची असते. पण ती टप्प्याटप्प्याने ठेवायची असते. वीजनिर्मिती सुरू झाल्यापासून पहिल्या वर्षाच्या आत अंदाजित खर्चाच्या १० टक्के, सहाव्या वर्षापर्यंत ५० टक्के आणि अकराव्या वर्षापर्यंत पूर्ण १०० टक्के. म्हणजे कंपनी चौथ्या वर्षी बुडाली, तर हातात १० टक्केच. उरलेला सांगाडा कोणाच्या जमिनीवर? आपल्या! मला स्वतःला या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट हीच. मालक आपल्या भाडेकरारात जादा हमी मागू शकतो, आणि तशी आम्ही मागितली.

टॅक्सचेही असेच. इलिनॉयमध्ये शेतजमिनीचे मूल्यांकन मातीच्या उत्पादनक्षमतेवरून होते, म्हणून टॅक्स कमी. सोलरसाठी वेगळे सूत्र आहे. २०१८ च्या कायद्याप्रमाणे दर मेगावॅटला २,१८,००० डॉलर हा पाया, त्यात महागाईची वाढ आणि झिजेची वजावट. ५ मेगावॅटच्या योजनेला पायाच १०,९०,००० डॉलरचा होतो, आणि त्याच्या एक तृतीयांशावर टॅक्स बसतो. सर्वेक्षण करून तेवढ्या भागाला वेगळा पार्सल नंबर देण्याची सोय आहे. तो भाग वेगळा काढणे आणि जमिनीचा वाढलेला टॅक्सही भरणे हे कंपनीचे काम, असे स्पष्ट लिहून घ्यावे. आमच्या मसुद्यात 'उपकरणांवरील टॅक्स' एवढेच शब्द होते. जमिनीचा उल्लेखच नव्हता.

आणखी एक. पहिली सही भाडेकराराची नसतेच, ती 'ऑप्शन'ची असते. आमच्या मसुद्यात कंपनीला पाच वर्षे मुदत होती, किरकोळ रकमेच्या बदल्यात. वीजवाहिनीला जोडणी नाही मिळाली, परमिट अडले, किंवा नुसते मन बदलले तरी कंपनी मोकळी. आम्ही मात्र त्या काळात जमीन दुसऱ्याला देऊ शकत नाही.

दुसऱ्या राज्यांतल्या वाचकांनी हे आकडे जसेच्या तसे धरू नयेत. ओहायोने २०२१ मध्ये उलट दिशा धरली. तिथे ५० मेगावॅट किंवा अधिकच्या योजनांना काउंटी आपल्या भागात मनाई करू शकते. मिशिगनने २०२३ मध्ये कायदा करून तेवढ्याच मोठ्या योजनांना राज्याच्या आयोगाकडे जाण्याची वाट दिली. न्यू जर्सीत शेतजमिनीची टॅक्स-सवलत टिकवायची तर सोलरच्या एका एकरामागे पाच एकर शेती राखावी लागते, शिवाय आकाराच्याही मर्यादा आहेत. इलिनॉयमध्येसुद्धा काउंटीकडून नियमांची चालू प्रत घ्यावी. कायदे बदलत असतात.

आम्ही शेतीच्या जमिनींचे काम करणारा एक लॉयर गाठला आणि मसुदा सहा दुरुस्त्यांसह परत पाठवला. ऑप्शनची मुदत दोन वर्षे, भाडे ४० एकरांवर, जमिनीचा टॅक्स कंपनीकडे, पहिल्या दिवसापासून पूर्ण हमी, काम सुरू होण्याआधी टाइलचा नकाशा, आणि पीक उभे असताना काम सुरू झाले तर शेतकऱ्याला भरपाई. कंपनीने चार मान्य केल्या. हमी आणि ऑप्शनची मुदत यांवर अजून पत्रव्यवहार चालू आहे. काकांना उशीर होतोय असे वाटते. शेतात या वर्षी सोयाबीन आहे.