बरं वाटतंय म्हणून गोळी बंद?

शौचातून रक्त पडलं की आपल्याकडे पहिला संशय मूळव्याधीवर जातो. मेडिकलमधून मलम येतं, तिखट बंद होतं, ओळखीतलं कुणीतरी काढा सुचवतं. बऱ्याचदा दुखणं मूळव्याधीचंच निघतं. पण रक्ताबरोबर चिकट आव पडत असेल, मुरडा येऊन दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागत असेल, रात्री झोपेतून उठून धावावं लागत असेल आणि जंताच्या, अमीबाच्या गोळ्यांचे कोर्स संपूनही हे थांबत नसेल, तर मूळव्याधीवर बोट ठेवून चालणार नाही. अशा वेळी दुर्बिणीने मोठं आतडं पाहावंच लागतं.

निरोगी आतड्याचं अस्तर दुर्बिणीतून गुलाबी, चकचकीत दिसतं आणि त्याखालच्या रक्तवाहिन्यांची बारीक जाळी स्पष्ट कळते. अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या दाहाच्या आजारात ही जाळी दिसेनाशी होते. अस्तर लाल, खरखरीत होतं, दुर्बिणीचा नुसता स्पर्श झाला तरी रक्त येतं. ही सूज गुदाशयापासून सुरू होऊन सलग वर चढते. या आजाराचा भाऊबंद म्हणजे क्रॉन्स. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मध्ये चांगला भाग सोडून सोडून होतो आणि आतड्याच्या भिंतीत आरपार खोल जातो. त्यामुळे आतडं अरुंद होतं किंवा भगंदर होतं. शस्त्रक्रिया करूनही भगंदर पुन्हा पुन्हा होत असेल, तर क्रॉन्सची शंका घ्यायलाच हवी.

दोन्ही आजार बहुधा तरुण वयात गाठतात. शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यातल्या जिवाणूंवर गरजेपेक्षा जास्त आणि न थांबता तुटून पडते, त्यातून हा दाह होतो. आनुवंशिकता त्याला हातभार लावते, बदललेली जीवनशैलीही लावत असावी. नेमकं एक कारण सापडलेलं नाही. हा आजार संसर्गजन्य नाही आणि ‘टेन्शन घेतोस म्हणून होतं’ हेही खरं नाही. ताणाने त्रास वाढू शकतो, पण आजार ताणातून जन्माला येत नाही. घरच्यांनी हे वाक्य उच्चारणं बंद केलं तरी रुग्णाचं निम्मं ओझं उतरेल.

कोलायटिसवरचं सगळ्यात जुनं आणि अजूनही कामाचं औषध सल्फासलाझिन. स्वीडनमध्ये डॉ. नाना स्वार्त्झ यांनी ते संधिवातासाठी तयार करवून घेतलं आणि ते कोलायटिसवरही चालतं हे त्यांच्या लक्षात आलं. ते नेमकं का चालतं, हे कळायला मात्र बरीच वर्षं जावी लागली. या गोळीत दोन रेणू एकमेकांना जोडलेले असतात. ही जोडी जठरात आणि लहान आतड्यात जवळजवळ तशीच टिकते. मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जिवाणूच ती तोडतात. मग या दोघांपैकी औषध कोणतं? बांगलादेशातून ऑक्सफर्डला आलेले ए. के. आझाद खान आणि त्यांचे सहकारी यांनी हा प्रश्न सरळ मार्गाने सोडवला. त्यांनी रुग्णांचे गट केले आणि एनिमातून कुणाला मूळ औषध दिलं, कुणाला त्यातला फक्त सल्फाचा भाग, तर कुणाला फक्त दुसरा. 1977 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला: गुण या दुसऱ्या भागाचा. आज तो मेसालामिन या नावाने मिळतो. सल्फासलाझिनने होणारे डोकेदुखी, मळमळ, पुरळ हे त्रास मुख्यतः सल्फाच्या भागामुळे होतात. आज गोळीबरोबर रात्री डाव्या कुशीवर झोपून मेसालामिनचा एनिमा घ्यायला सांगतात, तो सूज असलेल्या जागीच औषध पोचवण्यासाठी. संकोचापायी तो टाळणारे पुष्कळ आहेत. सौम्य आणि मध्यम कोलायटिसमध्ये नुसत्या गोळीपेक्षा गोळी आणि एनिमा मिळून अधिक गुण येतो, हे त्यांना कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं.

खरी कसोटी यानंतर लागते. रक्त थांबतं, वजन भरतं, माणूस पुन्हा ऑफिसला जाऊ लागतो आणि एके दिवशी ‘आता कशाला’ म्हणून गोळ्या सुटतात. शिकागोतल्या एका पाहणीत आजार शांत असलेल्या कोलायटिसच्या रुग्णांवर लक्ष ठेवलं होतं. 2003 मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांनुसार नियमित मेसालामिन घेणाऱ्यांपैकी 89 टक्क्यांचा आजार शांतच राहिला, नियमित न घेणाऱ्यांपैकी फक्त 39 टक्क्यांचा.

जपानचे माजी पंतप्रधान शिंजो आबे यांना किशोरवयापासून कोलायटिस होता. 2007 मध्ये पद सोडावं लागण्यामागे तोही होता. पुढे जपानमध्ये मेसालामिनची नवी गोळी आली आणि तिने आपल्याला उभं केलं, असं ते सांगत. 2012 मध्ये ते परतले आणि जपानचे सर्वाधिक काळ पंतप्रधान राहिले. ऑगस्ट 2020 मध्ये आजार उलटला आणि त्यांनी पुन्हा राजीनामा जाहीर केला. मधली जवळपास आठ वर्षं देश चालवता आला, हेही तितकंच खरं.

लक्षणं गेली तरी आत सूज धुमसत असू शकते. म्हणून हल्ली शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन मोजतात. पांढऱ्या पेशींतलं हे प्रथिन वाढलेलं दिसलं, तर रुग्णाला बरं वाटत असूनही डॉक्टर औषध वाढवतात. मोठ्या आतड्याचा बराच भाग सुजलेला असेल, तर आजार सुरू झाल्यापासून साधारण आठ वर्षांनंतर ठरावीक अंतराने दुर्बिणीची तपासणी करतात. ती अशा सुजेतून उद्भवू शकणारा कर्करोग वेळेत हेरण्यासाठी.

भारतात क्रॉन्सला आणखी एक पेच आहे: टीबी. दोन्ही आजारांची आवडती जागा एकच, लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथली. पोटदुखी, ताप, वजन घटणं, सगळं सारखं. आतड्याचा तुकडा तपासूनही कधीकधी उलगडा होत नाही. मग आधी टीबीची औषधं सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालतात. टीबी असेल तर व्रण भरू लागतात. क्रॉन्सच्या काही रुग्णांनाही या औषधांवर बरं वाटतं, पण त्यांचे व्रण तसेच राहतात. निकाल म्हणून व्रणांवरून लावायचा. उलट चूक, म्हणजे टीबीला क्रॉन्स समजणं, आणखी महागात पडते. क्रॉन्सवर दिली जाणारी, प्रतिकारशक्ती दाबणारी इन्फ्लिक्सिमॅबसारखी इंजेक्शनं किंवा स्टिरॉइड दडलेल्या टीबीला मोकाट सोडतात. म्हणून अशा इंजेक्शनांआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी सक्तीची.

स्टिरॉइडबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. उसळलेला आजार दाबायला ते गुणकारी आहे. गंभीर कोलायटिसमधले मृत्यू त्यामुळे कमी झाले. पण आजार शांत ठेवण्याची ताकद त्यात नाही. जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून पाकिटं आणून महिनोन्महिने प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांची हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते आणि आजार आहे तिथेच राहतो. ब्रुफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनीही आजार उलटू शकतो. क्रॉन्स असेल तर सिगारेट सोडणं हाही औषधोपचाराचाच भाग समजावा.

पथ्याचा जाच मात्र उगाच वाढवला जातो. सगळ्यांना लागू पडेल असा एकच आहार सिद्ध झालेला नाही. उसळलेल्या दिवसांत मऊ भात, कमी चोथ्याचं अन्न सोसतं. एरवी स्वतःला काय बाधतं ते टिपून तेवढंच टाळावं. दूध, डाळी, भाज्या सरसकट बंद केल्याने अंगात रक्त राहत नाही.

रक्त आणि आव दोन-तीन आठवडे थांबत नसेल, तर पोटविकारतज्ज्ञांना गाठा. निदान झालेलं असेल तर गोळी मनाने बंद करू नका. मेसालामिन परवडत नसेल तर लाजू नका, डॉक्टरांना तसं सांगा. सल्फासलाझिन आजही मिळतं, स्वस्त आहे, आणि सांधेही दुखत असतील तर काहींना तेच अधिक मानवतं.