वणीच्या उन्हात विजेवरचा छोटा हत्ती

वणीच्या बाजारात मालाची ने-आण करणारे अनेक जण आता विजेवरच्या छोट्या हत्तीची चौकशी करतात. छोटा हत्ती म्हणजे टाटा एस; तिची विजेवरची आवृत्ती, एस ईव्ही, टाटा मोटर्सने 2022 मध्ये आणली. तिची बॅटरी 21.3 युनिटची आणि एका चार्जवर 154 किलोमीटरचा दावा. हा आकडा चाचणीतला आहे. चंद्रपूरला जाऊन-येऊन शंभरावर किलोमीटर होतात. भरल्या गाडीने, मे महिन्यात, तेवढ्याच चार्जवर हिशेब बसवणं मला धाडसाचं वाटतं. वणी, घुग्गुस आणि आसपासची गावं अशा ठरलेल्या फेऱ्यांना मात्र ही गाडी उत्तम.

वजनापेक्षा वेग जास्त वीज खातो, हे नव्या चालकाला सांगावं लागतं. कापसाची बोंदरी हलकी, पण टपाच्या वर रचली की वाऱ्याचा विरोध वाढतो. ताडपत्री घट्ट आवळा आणि वेग चाळीस-पन्नासवर ठेवा, फरक लगेच दिसेल.

खरी परीक्षा उन्हाची. पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा बॅटरी थंड ठेवण्यातही वीज जाते. म्हणून दुपारी तापलेली गाडी आल्याआल्या चार्जिंगला लावू नये. सावलीत निवू द्यावी, रात्री लावावी. घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर तीन किलोवॉट मिळाले तरी पूर्ण चार्जला सात-आठ तास लागतात. त्यामुळे वायरिंग आणि अर्थिंग आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्याच. इथली कोळशाची धूळ चार्जिंगच्या तोंडाशी बसते, ती कोरड्या फडक्याने रोज पुसावी.