सहीवाचून आलेला हुकूम

निजामाच्या अमदानीत परभणीच्या कचेरीत साधी साऱ्याची तहकुबी मिळवावयाची झाली, तरी शिक्का, सही आणि तारीख असल्याखेरीज अव्वल तालुकदारापासून पटवाऱ्यापर्यंत कोणीही कागद पुढे सरकवीत नसे. आणि त्याच रियासतीची एक पलटण, फर्स्ट हैदराबाद इन्फन्ट्री, १९४१च्या डिसेंबरात मलायातील कोटा भारूच्या विमानतळावर पहाऱ्यास असता, ज्या हुकुमाने तिच्या डोळ्यांदेखत अवघा तळ ओस पडला, त्या हुकुमाचा कर्ता कोण, हे मात्र आजतागायत निश्चित झालेले नाही.

८ डिसेंबरची मध्यरात्र नुकतीच उलटली होती. पर्ल हार्बरवर पहिला बॉम्ब पडण्यास अद्याप सुमारे तासाचा अवकाश असतानाच जपानी सैन्य सबाक आणि बडांगच्या किनाऱ्यांवर उतरू लागले. तेथे डोग्रा पलटणीने निकराने झुंज दिली. ऑस्ट्रेलियन हडसन विमानांनी ‘आवाजिसान मारू’ हे जहाज पेटविले. परंतु उजाडताच आकाश जपान्यांचे झाले, आणि किनाऱ्यापासून दोन मैलांच्याही आत असलेल्या त्या तळावर दिवसभर हल्ले होत राहिले.

दुपारी चारच्या सुमारास काही भरकटलेल्या गोळ्या धावपट्टीच्या बाजूस येऊन पडल्या. तेवढ्यावरून ‘शत्रू कुंपणाशी आला’ अशी हूल उठली. किनारा राखणाऱ्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर की आणि तळाचे प्रमुख विंग कमांडर नोबल यांनी स्वतः जाऊन पाहिले, तो कुंपणाशी जपानी नव्हताच. पण इकडे, शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून आखून ठेवलेल्या योजनेचा अंमल कोणीतरी सुरू करून दिला होता, कचेरीच्या इमारतींतून धूर निघत होता आणि जमिनीवरील कर्मचारी मोटारींत बसून कुआला क्रायच्या रेल्वे-स्थानकाकडे निघालेही होते. विमाने कुआन्तानला हलविण्याची मंजुरी निराळी आणि तळ सोडण्याचा हुकूम निराळा, हा भेद त्या गलबल्यात कोणाच्या ध्यानी राहिला असेल, असे मला वाटत नाही. सही-शिक्क्याचा कागद महिनोन्महिने दप्तरात पडून राहतो; बिनसहीच्या या हुकुमाची तामिली मात्र घटकेत झाली! जाळावयाचे तेही धड जळले नाही: बॉम्ब आणि पेट्रोल मागे राहिले, धावपट्ट्या शाबूत राहिल्या.

यातील विरोधाभास असा की, कींच्या ब्रिगेडला किनाऱ्यावर बसविले होते ते मुख्यतः हा तळ राखण्यासाठीच. वैमानिक गेल्यावर राखावयाचे काय उरले? मुसळधार पावसात, अंधारात माघार सुरू झाली. आपली हैदराबाद पलटण मागे फिरते आहे असे पाहून तिला थोपवू गेलेले तिचे अधिपती लेफ्टनंट कर्नल हेंड्रिक्स आपल्याच सैनिकांच्या गोळ्यांना बळी पडले, असे युद्धेतिहासकार लिहितात. पलटणीच्या नावाला त्याचा जो डाग लागला, तो पुसला गेला नाही. गोरे कर्मचारी तिच्याआधी कित्येक तास निघून गेले होते, ही गोष्ट मात्र त्या मानाने फार थोड्यांच्या स्मरणात राहिली.

ज्या खजिन्यात परभणीच्या काळ्या कापूसरानांचा सारा भरला जाई, त्या रियासतीचे नाव लावून इंग्लंडच्या शाही हवाई दलात ११०, १५२ आणि २५३ क्रमांकांची तीन पथके होती; पैकी १५२ व्या पथकाची स्पिटफायर विमाने आदल्याच वर्षी लंडन सरकारच्या रक्षणार्थ इंग्लिश किनाऱ्यावर लढली होती. कोटा भारूच्या आकाशात त्या दिवशी हैदराबादच्या नावाचे एकही विमान नव्हते.