बॉबकॅट, मी आणि अर्धा तास

सिग्नलला नव्वद सेकंद न थांबणारी मी, टेक्सासच्या झुडपात अर्धा तास पुतळा होऊन बसले होते. बंदूक मामेभावाच्या हातात, धडधड माझ्या छातीत! (आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानुसार हा शौक थेट गुन्हा, बरं का.)

बॉबकॅट म्हणजे आखूड शेपटीचं अमेरिकन रानमांजर. दादाचा हा पहिलाच सीझन. आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग लायसन्स. कातडं विकायचं तर वेगळा टॅग.

युक्ती सोपी. लांबवर छोटा स्पीकर ठेवायचा, त्यातून जखमी सशाचं किंचाळणं. वारा आपल्या तोंडावर हवा. कोयोट धावत येतो. बॉबकॅट मात्र दबकत, थांबत, बसत. नवशिके कंटाळून उठतात ते नेमके तेव्हाच.

सत्ताविसाव्या मिनिटाला ते आलं. टेकाडावर बसून स्पीकरकडे टक लावून बघत राहिलं. काय देखणं, यार! दादानं नेम धरला. मी डोळे मिटले...

आवाज आलाच नाही.

‘‘का रे?’’ गाडीत बसल्यावर मी विचारलं.

‘‘टेकाडापलीकडे काय आहे ते दिसत नव्हतं गं. अशी गोळी झाडायची नाही, कोर्समध्ये घोकून घेतलंय.’’

मला हुश्श झालं. त्याला नाही.

‘‘उद्या पाचला निघू,’’ तो म्हणाला. ‘‘येतेस?’’

मी थर्मासमधला गार झालेला चहा ओतत बसले.