नळीच्या तोंडाशी काय बिघडलंय?

एल्व्हेरुम (नॉर्वे), ऑगस्ट



ऑगस्ट उतरणीला लागला की पूर्व नॉर्वेतल्या या गावाच्या आसपास संध्याकाळी गोळीबार ऐकू येतो. ग्लोम्मा नदीचा काठ सोडला की चारी बाजूंनी पाइन आणि स्प्रूसचं जंगल आहे आणि त्या जंगलात मूस, म्हणजे अवाढव्य हरणं, आहेत. २५ सप्टेंबरला त्यांच्या शिकारीचा मोसम उघडतो. त्याआधी मोठ्या जनावराची शिकार करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. मग त्याने चाळीस मोसम काढलेले असोत, नाहीतर हा पहिलाच असो. आधी मैदानावर सरावाच्या ३० गोळ्या झाडायच्या. मग १०० मीटरवर रेनडिअरच्या आकृतीवर पाच गोळ्या, आणि पाचही ३० सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळात लागायला हव्यात. चार आत आणि एक बाहेर म्हणजे नापास.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार म्हटलं की गुन्हाच डोळ्यांसमोर येतो. इथे वर्षाला २५ ते ३० हजार मूस मारले जातात आणि हे सारं कोट्याच्या हिशेबात चालतं. रानात कुणीही हिंडावं, हा हक्क १९५७ च्या कायद्याने सर्वांना दिला आहे. शिकारीचा हक्क मात्र जमीनमालकाचा. मांस वाटून घेतलं जातं आणि फ्रीझरमध्ये हिवाळाभर पुरतं. नेमबाजीची मैदानं चालवणाऱ्या स्थानिक मंडळांची देशव्यापी संघटना १८९३ ची, म्हणजे नॉर्वे अजून स्वीडनशी एका राजाखाली बांधलेला होता तेव्हाची. संसदेनेच ती उभी केली, कारण देशाच्या रक्षणासाठी सामान्य माणसालाही नेम धरता यावा अशी तेव्हाची निकड होती. स्वातंत्र्य १९०५ मध्ये मिळालं. मैदानं आजही गावोगावी आहेत.

मराठी वाचकाला इथे सर्वांत जास्त चकवते ती रायफलच्या तोंडावर बसवलेली नळकांडी, म्हणजे सायलेन्सर. हिंदी सिनेमाने तो खुन्याचं हत्यार म्हणून आपल्या डोक्यात बसवलं आहे. अमेरिकेत हायरम पर्सी मॅक्सिमने १९०९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि १९३४ च्या कायद्याने त्यावर २०० डॉलर कर बसला. नॉर्वेत तो दुकानातून विनापरवाना विकत मिळतो आणि कानाच्या संरक्षणाचं साधन मानला जातो. शिकारी रायफलचा बार १६० डेसिबलच्या पुढे जातो. सायलेन्सर त्यातले २० ते ३० डेसिबल खातो. म्हणजे आवाज नाहीसा होत नाही, फक्त कान वाचतो. शिकाऱ्याचा आणि त्याच्या पायाशी बसलेल्या करड्या एल्कहाउंड कुत्र्याचाही. झटका कमी करणारी छिद्रांची टोपी, म्हणजे मझल ब्रेक, उलट आवाज बाजूला फेकते. कुत्रा घेऊन शिकार करणाऱ्यांना ती नको असते, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे.

पण नळीच्या टोकाला काहीही लावलं की नेमाचा हिशेब बदलतो. परीक्षेच्या दिवसांत मैदानावर सर्वांत जास्त चर्चा याचीच असते. परवा एका सुताराची रायफल गोळ्या विखरत होती. एरवी त्याच्या तीन गोळ्या तीन सेंटीमीटरमध्ये बसतात. त्या दिवशी त्या बारा सेंटीमीटरमध्ये पसरल्या होत्या. मंडळातल्या एका आजीबाईंनी त्याला पहिला प्रश्न विचारला: सगळ्या गोळ्या एकत्र सरकल्यात, की एकमेकींपासून दूर गेल्यात?

निदान या प्रश्नापासूनच सुरू व्हायला हवं. बारीक नळीच्या टोकाशी तीनशे-चारशे ग्रॅम वजन आलं की गोळी सुटताना नळी वेगळ्या तऱ्हेने थरथरते, टोकाला दगड बांधलेल्या वेताच्या काठीसारखी. त्यामुळे सगळ्या गोळ्या मिळून चार-पाच सेंटीमीटर खाली किंवा बाजूला लागतात. हा बिघाड नाही. दुर्बिणीचा नेम सायलेन्सरसकट पुन्हा जुळवायचा आणि मग मोसमभर तो काढून शिकारीला जायचं नाही. गोळ्या विखुरल्या तर मात्र कारण शोधावं लागतं, आणि ते एका वेळी एकच गोष्ट बदलून.

सुताराने सायलेन्सर उतरवला, कानांवर संरक्षक चढवले आणि नुसत्या नळीने तीन गोळ्या झाडल्या. त्या जवळजवळ एकाच भोकात गेल्या. म्हणजे दुर्बिणीचे स्क्रू, दस्त्याचे बोल्ट आणि काडतुसं निर्दोष ठरली. नुसत्या नळीनेही गोळ्या विखुरल्या असत्या तर आधी तिकडे बघावं लागलं असतं, आणि नळीच्या तोंडाच्या कडेला ओरखडा आहे का, तेही. गोळी नळीला शेवटची शिवते ती तिथेच.

मग आटे तपासले. जळलेल्या दारूची काजळी आट्यांच्या मुळाशी, सायलेन्सर जिथे टेकतो त्या खांद्यावर साचली होती. तिथे कणभर घाण राहिली तरी सायलेन्सर सरळ टेकत नाही, आणि गोळीबाराच्या हादऱ्यांनी हळूहळू सैल होतो. पुसून, हाताने घट्ट आवळून नळीवर आणि सायलेन्सरवर मिळून रंगाची एक रेघ ओढतात. पाच गोळ्यांनंतर रेघ तुटलेली दिसली की तो फिरतो आहे हे कळतं. खांदा सगळीकडून टेकतो का, हे पाहायला त्यावर काळं मार्कर फिरवून सायलेन्सर चढवतात आणि काढतात. रंग एकाच बाजूला घासला गेला तर खांदा तिरपा कापला गेला आहे. हे काम बंदूक-कारागिराचं, घरच्या कानशीचं नाही.

सायलेन्सरच्या तोंडाच्या भोकाला चमकदार तांबूस ओरखडा दिसला तर तिथेच थांबायचं. गोळी आतल्या पडद्यांना घासते आहे, असा त्याचा अर्थ. एक गोळीही पुढे झाडायची नाही. नळीवर मागेपर्यंत येणाऱ्या सायलेन्सरमध्ये आणखी एक ठिकाण बघावं लागतं: त्याचा मागचा भाग लाकडी दस्त्याच्या टोकाला शिवतो का. मधून कागदाची पट्टी सहज सरकायला हवी.

पाच-सहा गोळ्या भराभर झाडल्या की सायलेन्सर तापतो. त्यावरून उठणारी हवा दुर्बिणीसमोर लहरते आणि लक्ष्य डोळ्यांदेखत हलतं. रायफल निर्दोष असते, फक्त थांबायला हवं. रानात निर्णायक असते ती थंड नळीची पहिली गोळी. म्हणून अनुभवी लोक एका दिवशी एकच गोळी झाडून लक्ष्याचा कागद जपून ठेवतात.

इथल्या ओलीचा त्रासही मोठा. दिवसभर दहिवरात फिरलेली रायफल संध्याकाळी उबदार केबिनमध्ये आली की सायलेन्सरच्या आत पाणी सुटतं. ते दारूच्या राखेत मिसळून नळीचं तोंड गंजवतं. तो दर संध्याकाळी उतरवून मोकळ्या हवेत वाळवावा लागतो.

एवढा खटाटोप लोक का करतात, हे समजायला पुढचा नियम पुरेसा आहे. मूस जखमी होऊन पळाला तर त्याचा माग काढणं शिकाऱ्यावर बंधनकारक आहे, त्या दिवशी आणि गरज पडल्यास दुसऱ्या दिवशीही. त्यासाठी मागावर जाणारा शिकवलेला कुत्रा हाताशी असावा लागतो. जनावर सापडलं नाही तर नगरपालिकेला कळवावं लागतं. वाईट नेम हा इथे त्या माणसाचा खासगी मामला राहत नाही. शिकारीला परवानगी देणाऱ्या देशाने ती अशीच द्यावी, असं मला ठामपणे वाटतं.

ओस्लो, स्टावांगर, ट्रोन्डहाइमला राहणारे आणि सहकाऱ्यांबरोबर शिकारीला जाण्याच्या विचारात असलेले मराठी वाचक हे वाचत असतील, तर त्यांना विनंती: जुनी रायफल घेताना तिचा सायलेन्सर तिच्यावर चढवूनच मैदानावर झाडून पाहा. पाच गोळ्या वर्तुळात बसल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि रानात तर मुळीच जाऊ नका.