खोडदची रात्रपाळी

नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण दिवसाही चालते. तरी कमी वारंवारितेच्या निरीक्षणांसाठी अनेक संशोधक रात्रच मागतात. तेव्हा आयनांबर बहुधा शांत असते, सूर्याचा रेडिओ-गोंगाट क्षितिजाखाली गेलेला असतो आणि माणसांची यंत्रेही कमी चालू असतात.

वेळापत्रक नाक्षत्रवेळेवर बेतावे लागते, कारण प्रत्येक तारा रोज सुमारे ४ मिनिटे आधी उगवतो. अँटेना क्षितिजापासून १७ अंशांखाली झुकत नाहीत, हेही गणितात धरायचे.

रात्रीचा खरा कस लागतो तो अंशशोधनात. सुरुवातीला ३सी ४८, ३सी १४७ किंवा ३सी २८६ यांपैकी एका स्रोताकडे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना वळवतात. या स्रोतांची तेजस्विता माहीत असल्याने त्यांच्यावरून मोजपट्टी ठरते. मग मूळ लक्ष्य. पण दर अर्ध्या-पाऊण तासाने ते सोडून जवळच्या एका बिंदुवत स्रोताकडे काही मिनिटे जावेच लागते. आयनांबर आणि उपकरणे यांमुळे लहरींची कला सरकत राहते, ती तिथे तपासता येते. ही मिनिटे वाचवण्याचा मोह घातक आहे: कला हरवली, तर प्रतिमा विसकटते.

नियंत्रणकक्षातला ऑपरेटर पडद्यावर प्रत्येक अँटेनाचा संकेत बघत असतो. एखादी रुसली, तर ती वेळेसह नोंदवहीत जाते. पुढे विदा गाळताना ही नोंद फार मोलाची ठरते. वारा मर्यादेबाहेर गेला, की निरीक्षण थांबवून तबकड्या आकाशाकडे सरळ तोंड करून उभ्या करतात. इथे संशोधकाची घाई चालत नाही.